मोटारसायकलचा दिवा : त्याचा बल्ब व त्याच्या तारा

विद्युत्-प्रकरण शिकवितांना ओहमचा नियम आम्ही फळ्यावर लिहितों, तुम्ही तो वहींत उतरून घेतां, आणि परीक्षेंत त्यावर एक उदाहरण येतें. परीक्षा संपली म्हणजे नियमहि विसरला जातो. परंतु हाच नियम तुमच्या घराच्या ओसरीशीं रोज उभा असतो, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. वडिलांची अथवा थोरल्या भावाची मोटारसायकल घ्या. तिचा पुढचा दिवा मंद कां जळतो, नवा बल्ब घालूनहि तो तेजस्वी कां होत नाहीं, आणि मोठा बल्ब घातला असतां होल्डर कां वितळतो, ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्या एका ओळीच्या नियमांत सांपडतें. वरच्या वर्गांतील मुलें "शंभर वॅटचा बल्ब बसवावा काय?" असें आम्हांस दरवर्षीं विचारतात. त्यांस एका शब्दांत "नको" म्हणून वाटेस लावण्यापेक्षां सर्व विषयच समजावून सांगावा, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

थोडा पूर्वेतिहास

आरंभींच्या मोटारसायकलींस विजेचा दिवा नव्हता. एका डब्यांत कॅल्शियम कार्बाइडचे खडे ठेवीत, त्यांवर पाण्याचे थेंब पडूं देत, आणि निघणारा अॅसिटिलीन वायु नळीनें दिव्यापर्यंत नेऊन पेटवीत. पुढें डायनामो व बॅटरी आली आणि ६ व्होल्टचे दिवे रूढ झाले. आपल्याकडील पुष्कळशा जुन्या राजदूत व येझदी गाड्या ६ व्होल्टच्याच होत्या. मग १२ व्होल्टची पद्धति कां आली? गणित करून पाहा. ३५ वॅटच्या दिव्यास ६ व्होल्टवर सुमारें ५.८ अँपियर प्रवाह लागतो. १२ व्होल्टवर तोच दिवा २.९ अँपियरमध्यें जळतो. प्रवाह निम्मा झाला म्हणजे त्याच तारेंत उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी शक्ति चौथ्या हिश्शावर येते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. व्होल्ट वाढविण्यांत हें इंगित आहे.

बल्बाची रचना

साध्या बल्बांतील टंगस्टनचा तंतु तापून प्रकाश देतो, पण त्याच वेळीं त्याचे कण उडून कांचेवर काळा थर बसतो. हॅलोजन बल्बांत आयोडीन किंवा ब्रोमीन ह्या जातीच्या वायूचा अल्प अंश घातलेला असतो. उडालेले टंगस्टन त्याच्याशीं संयोग पावतें आणि तें संयुग तप्त तंतूजवळ आलें म्हणजे फुटून टंगस्टन पुनः तंतूवर बसतें. म्हणून कांच स्वच्छ राहते व तंतु अधिक तापवितां येतो. मोटारींसाठीं एच-१ नांवाचा पहिला हॅलोजन बल्ब युरोपांत १९६२ सालीं आला. दोन तंतूंचा एच-४ हा १९७१ सालीं आला.

एच-४ बल्बास तीन पाती असतात : एक अप्परचें, एक डिपरचें व एक दोहोंस सामायिक असें अर्थचें. अप्परचा तंतु ६० वॅटचा व डिपरचा ५५ वॅटचा असतो. डिपरच्या तंतूखालीं धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळें त्या तंतूचा प्रकाश आरशाच्या केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून परावर्तित होऊन खालीं रस्त्याकडे वळतो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचें रक्षण ही वाटी करते. ती व तंतु ह्यांचें स्थान मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरलेलें असतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारसायकलींस एचएस-१ जातीचा बल्ब असतो. तो दिसावयास एच-४ सारखाच, पण त्याचे दोन्ही तंतु ३५ वॅटचे. १३.२ व्होल्ट दाबाखालीं एचएस-१ हा अप्परवर ८२५ व डिपरवर ५२५ ल्यूमेन प्रकाश देतो. एच-४ अनुक्रमें १६५० व १००० ल्यूमेन देतो. म्हणजे जवळजवळ दुप्पट. हे आंकडे पाहिले कीं लहान गाडींत मोठा बल्ब घालण्याचा मोह होतो. दोहोंच्या बुडांच्या खांचांत मुद्दाम फरक ठेवलेला आहे, तो ह्यासाठींच. तरीहि कानशीनें घासून बल्ब बसविणारे बसवितातच.

हॅलोजन बल्बाची कांच बोटांनीं धरूं नये. बोटांचा तेलकटपणा कांचेवर राहतो, तेथें ती विषम तापते आणि बल्ब अकालीं जातो. चुकून हात लागल्यास स्पिरिटमध्यें भिजविलेल्या स्वच्छ फडक्यानें पुसून घ्यावी.

प्रकाश जातो कोठें?

जॉर्ज सायमन ओहम हा कोलोन शहरीं शाळामास्तर असतां तारांवर प्रयोग करीत असे. त्यांवरून बांधलेला सिद्धांत त्यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केला : तारेंतील दाबाची घट ही प्रवाह व रोध ह्यांच्या गुणाकाराइतकी असते. आतां हा नियम गाडीस लावूं.

बॅटरी आसनाखालीं, दिवा पुढें. प्रवाह बॅटरींतून निघून चावीच्या स्विचपर्यंत जातो, तेथून हँडलवरील स्विचांकडे, तेथून खालीं दिव्याकडे, आणि अर्थच्या मार्गानें परत. ही एकूण वाट ४ मीटर धरूं. तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरास सुमारें ०.०३५ ओहम, चार मीटरांचा ०.१४ ओहम. ६० वॅटच्या बल्बास ५ अँपियर प्रवाह लागतो. गुणाकार केला असतां केवळ तारेंत ०.७ व्होल्ट खर्ची पडतो. त्यांत स्विचांच्या झिजलेल्या टिकल्या, गंजलेले कनेक्टर व सैल झालेला होल्डर ह्यांची भर घाला. एकंदर घट १ व्होल्टच्या वर सहज जाते.

"बारा व्होल्टांतून एक गेला, त्यांत काय मोठेंसें?" असें तुम्ही म्हणाल. येथेंच मेख आहे. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टच्या सरळ प्रमाणांत कमी होत नाहीं. तो सुमारें ३.४ व्या घाताच्या प्रमाणांत कमी होतो. बॅटरीच्या टोकांवर १३.८ व बल्बाच्या पात्यांवर १२.६ व्होल्ट मिळत असतील तर दाब शेंकडा ९ नें उणा झाला, पण प्रकाश शेंकडा २७ नें उणा झाला. चार आण्यांहून अधिक प्रकाश वाटेंतच गळाला! हीच घट ०.२ व्होल्टवर आणली तर प्रकाशाची हानि शेंकडा ५ इतकीच राहील. अर्थात् बल्ब तोच असतांहि पूर्वीच्या मानानें सुमारें शेंकडा ३० प्रकाश अधिक मिळेल. नवा मोठा बल्ब घेण्यापूर्वीं तारा तपासाव्या, असें आम्ही आग्रहानें सांगतों तें ह्याच हिशोबावरून.

ह्याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. व्होल्ट वाढला कीं बल्बाचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तें सुमारें १३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत असतें. १२.६ च्या ऐवजीं १३.६ व्होल्ट मिळाले तर आयुष्य एक-तृतीयांशाच्या आसपास येईल. म्हणून लांबच्या रात्रींच्या प्रवासास निघतांना एक जादा बल्ब जवळ बाळगावा.

मोजून पाहणें

अनुमानावर विसंबूं नये. मल्टिमीटर घेऊन मोजावें. प्रथम गाडी कोणत्या पद्धतीची आहे तें तिच्या पुस्तिकेवरून ठरवावें. पुष्कळ लहान गाड्यांत पूर्वीं पुढचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या उलटसुलट प्रवाहावर चालत असे. इंजिन मंद असतां दिवा मिणमिणतो व अॅक्सिलरेटर पिळतांच भडकतो, ही त्याची खूण. अशा दिव्याची तार नुसती बॅटरीस जोडून दिली तर बॅटरी थोड्याच वेळांत रिकामी होते, कारण ती भरून काढण्याची व्यवस्थाच त्या गाडींत तेवढी नसते. त्यासाठीं मॅग्नेटच्या गुंडाळींत फेरफार करून मोठा रेक्टिफायर बसवावा लागतो. तें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे.

दिवा बॅटरीवर चालणारा असल्यास इंजिन मध्यम गतीनें चालूं ठेवून दिवा लावावा. पहिलें मोजमाप बॅटरीच्या दोन टोकांवर घ्यावें. दुसरें बल्ब जळत असतांना त्याच्या पात्यांवर, होल्डरच्या मागील बाजूनें टोंचणी लावून घ्यावें. दोहोंतील अंतर म्हणजे एकूण घट. मग तिसरें मोजमाप घ्यावें : एक टोंचणी बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी बल्बाच्या अर्थच्या पात्यास. येथें ०.२ व्होल्टहून अधिक आढळल्यास दोष परतीच्या वाटेंत आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत ही परतीची वाट हँडलच्या मानेंतील ग्रीस लावलेल्या छर्‍यांतून जाते. ग्रीस हें विजेचें वाहक नव्हे. दिव्यापासून सांगाड्यापर्यंत, किंवा त्याहून उत्तम म्हणजे थेट बॅटरीपर्यंत, एक स्वतंत्र तार नेली कीं दिवा एकदम उजळल्याचें कित्येकदां दिसून येतें. एवढ्यानें काम भागलें तर पुढें जाण्याचें कारण नाहीं.

रिलेची योजना

एवढ्यानें भागलें नाहीं तर रिले बसवावा. रिले म्हणजे विद्युच्चुंबकानें उघडझांप करणारा स्विच. लहानशा प्रवाहानें त्यांतील गुंडाळी चुंबक बनते, ती पट्टी ओढते, आणि त्या पट्टीवरून मोठा प्रवाह वाहूं लागतो. गुंडाळीस सुमारें ०.१५ ते ०.२ अँपियर पुरे होतात. म्हणजे हँडलवरील ज्या नाजूक स्विचांतून ५ अँपियर जात होते, त्यांस आतां केवळ हुकूम देण्याचें काम उरतें. भार दुसऱ्या जाड तारेनें वाहिला जातो.

अप्परसाठीं एक व डिपरसाठीं एक असे दोन रिले लागतात. त्यांच्या पात्यांवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आंकडे छापलेले असतात. जोडणी अशी :

३० – बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्गे आलेली जाड तार.
८७ – येथून बल्बाच्या पात्यास जाणारी जाड तार.
८६ – जुन्या होल्डरची अप्परची (दुसऱ्या रिलेस डिपरची) तार.
८५ – अर्थ.

जाड तार दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी. तिचा रोध पूर्वीच्या तारेच्या एक-तृतीयांश, आणि वाट सरळ असल्यानें लांबीहि निम्मी. म्हणून तारेंतील घट ०.७ वरून सुमारें ०.१२ व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीपासून वितीच्या आंत असावा. तो दिव्याजवळ ठेवला तर मधली सर्व तार निराधार राहते. वाटेंत कोठें ती घासून सांगाड्यास टेकली कीं पेट घेण्यास उशीर लागत नाहीं, आणि वर पेट्रोलची टांकी असते! ६० वॅटच्या बल्बास १० अँपियरचा फ्यूज योग्य. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास काढून टाकून दार उघडें ठेवणें होय.

काम आरंभितांना बॅटरीचें ऋण टोक प्रथम सोडावें व शेवटीं जोडावें. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची चाल सोडून द्यावी. थरथरीनें तो सांधा सैल होतो व पावसाळ्यांत गंजतो. तारेच्या टोकांस योग्य मापाचे थिंबल दाबून बसवावे व त्यांवर उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. तारा इंजिनाच्या उष्णतेपासून व पत्र्याच्या धारेपासून दूर बांधाव्या. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावें. कोणत्याहि टोकास तार ताणली जातां कामा नये. ह्या सर्व जोडणीचा तयार संचहि बाजारांत मिळतो, आणि तो जुन्या होल्डरांत नुसता खोंवला कीं मूळ तारा कापाव्या लागत नाहींत. गाडी नवी व कंपनीच्या हमींत असेल तर तिच्या तारांस हात लावूं नये.

मोठा बल्ब व एलईडी

आतां शंभर वॅटच्या प्रश्नाकडे वळूं. १०० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ८.३ अँपियर मागतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या आमच्या चार मीटर तारेंत त्यामुळें १.१६ व्होल्ट खर्च होतील, आणि तारेंतील उष्णता ५ अँपियरच्या मानानें पावणेतीन पट होईल. म्हणजे विकत घेतलेल्या प्रकाशाचा मोठा भाग तारा व होल्डर तापविण्यांत जाईल. शिवाय आरसा प्लॅस्टिकचा असल्यास तो उष्णतेनें वांकडा होतो व त्यावरील चकाकी उडते. दुसरा प्रश्न उत्पन्नाचा. गाडीच्या मॅग्नेटची शक्ति ठराविक असते. समजा २४ वॅटची तूट आली; म्हणजे २ अँपियर बॅटरींतून जाणार. ५ अँपियर-तासांची बॅटरी अडीच तासांत रिकामी होईल, आणि मध्यरात्रीं आडरानांत गाडी बंद पडेल. घरखर्चाप्रमाणें येथेंहि आवक पाहूनच जावक ठरविली पाहिजे.

एलईडीचा दिवा थोड्या विजेंत पुष्कळ प्रकाश देतो, हें खरें. ज्या गाडीचा सबंध दिवाच एलईडीसाठीं आंखलेला आहे, तिची गोष्ट निराळी. परंतु हॅलोजनसाठीं घडविलेल्या आरशांत एलईडीचा बल्ब घातला असतां अडचण येते. वर सांगितलेलें तंतूचें व वाटीचें स्थान आठवा. आरशाची वक्रता त्या एका बिंदूसाठीं घडविलेली असते. एलईडीच्या टिकल्या दोन बाजूंस बसविलेल्या असून त्या तंतूच्या आकाराच्या वा जागेच्या बरोबर क्वचित् असतात. मग प्रकाशाची कड अस्पष्ट होते व तो वर उधळतो. गाडीजवळची जमीन पांढरीशुभ्र दिसल्यानें चालकास समाधान वाटतें, दूरचें मात्र पूर्वींहून कमी दिसतें, आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

दिपलेले डोळे पूर्ववत् होण्यास कांहीं सेकंद लागतात. ताशीं ४० किलोमीटर वेगाच्या गाडींत एका सेकंदास ११ मीटर अंतर जातें. चार सेकंदांत ४४ मीटर. तेवढें अंतर समोरचा मनुष्य आंधळ्यासारखा चालवीत येतो, आणि तो येतो तो आपल्याच दिशेनें. दुसऱ्याचे डोळे दिपवून आपण सुरक्षित होतों ही समजूत किती भ्रामक आहे, हें ह्यावरून दिसेल. कायद्याचेंहि येथें बंधन आहे. नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे. आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांपैकीं १०६ व्या नियमाप्रमाणें दिव्यापुढें ८ मीटरांवर, उजवीकडे अर्ध्या मीटरावर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या मनुष्यास प्रकाश दिपविणारा असतां कामा नये. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तेव्हां दिव्याचा रोख बिघडलेला असला तर दिवसाहि त्याचा उपसर्ग होतो.

दिव्याचा रोख

सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे दिव्याचा रोख नीट करणें. हिला एक पैहि लागत नाहीं. सपाट जागीं भिंतीपासून १० मीटरांवर गाडी सरळ उभी करावी, टायरांत योग्य हवा भरावी व चालकास आसनावर बसवावें. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनें खूण करावी. डिपर लावला असतां प्रकाशाची वरची कड त्या खुणेच्या १० ते १५ सेंटिमीटर खालीं यावी. मागें दुसरा मनुष्य बसला कीं गाडीचें मागील अंग दबतें व दिवा वर उचलला जातो. म्हणून नेहमीं दोघे बसत असाल तर दोघांस बसवूनच तपासावें. दिव्याची कांच आंतबाहेर स्वच्छ असावी. आरशाची चकाकी गेलेली असेल तर कोणताहि बल्ब उपयोगी नाहीं. दिव्याचा तो सबंध भागच बदलावा.

दिवा व वेग

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रकाश दुप्पट केला म्हणजे दुप्पट दूरचें दिसेल काय? नाहीं. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असते, म्हणून दुप्पट प्रकाशानें दृष्टीचें अंतर फार तर १.४ पट वाढतें. जेथें ४० मीटर दिसत होतें तेथें ५६ मीटर दिसेल, इतकेंच.

आतां गाडी थांबण्याचें अंतर काढा. ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास १६.७ मीटर. अडथळा दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. पुढें कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनें आणखी सुमारें २८ मीटर. एकूण ५३ मीटर. ताशीं ८० च्या वेगास हीच बेरीज ८३ मीटर होते. म्हणजे ४० मीटर दाखविणाऱ्या दिव्यानें ६० चा वेगहि निर्भय नाहीं, आणि ५६ मीटर दाखविणाऱ्या दिव्यानें ८० चा तर नाहींच नाहीं. ऊंसाच्या हंगामांत कोल्हापूर-सांगलीकडील रस्त्यांवर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रीं उभ्या असतात. त्या अंधारांत उसनवारी चालत नाहीं. जेवढें दिसतें तेवढ्यांतच थांबतां आलें पाहिजे.

तुमच्यापैकीं बहुतेकांस अद्यापि गाडी चालविण्याचा परवाना नाहीं, आणि वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीं मोटारसायकलचा तो मिळतहि नाहीं. परंतु घरची गाडी रात्रीं कोणी तरी चालवितोच. येत्या सुट्टींत वडिलांच्या संमतीनें व त्यांच्या देखत मल्टिमीटर घेऊन तीन मोजमापें घ्या, भिंतीवर खूण करून दिव्याचा रोख पाहा, आणि आढळलेला दोष मिस्त्रीस नेमका सांगा. "दिवा मंद आहे" असें सांगणाऱ्यास मिस्त्री नवा बल्ब देईल. "अर्थमध्यें अर्धा व्होल्ट जातो" असें सांगणाऱ्याचें काम एका तारेवर होईल. ज्ञानाचा उपयोग घरच्या माणसांस सुखरूप घरीं आणण्यास व्हावा, ह्याहून विज्ञानाच्या तासाचें अधिक चांगलें फळ आम्हांस दिसत नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. ३५ वॅटच्या १२ व्होल्ट बल्बास किती प्रवाह लागेल? ०.१४ ओहम रोधाच्या तारेंत त्यामुळें किती व्होल्ट घट होईल?
२. रिले बसविल्यानंतरहि हँडलवरील स्विच कां ठेवावा लागतो?
३. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच आहे आणि १० मीटरांत प्रकाशाची कड १५ सेंटिमीटर खालीं येते. ती कड जमिनीस किती अंतरावर टेकेल?
४. दृष्टीचें अंतर दुप्पट करावयाचें असल्यास प्रकाश किती पट करावा लागेल? तसें करणें इष्ट आहे काय? सकारण लिहा.